वडस

११ फेब्रुवारी १९८५

पापणी वर ओढून धरत शेवडे म्हणाला, "नाकाकडे बघा. हलू नका." मी हललो नव्हतो. हलत होता तो त्याचा हात. बधिर करायची सुई आधी दिलेली, त्यामुळे दुखलं नाही. कात्रीचा आवाज मात्र आला. तो कानाने ऐकू येत नाही, कवटीच्या आतून येतो. ओलं फडकं कापल्यासारखा.

तुकडा त्याने औषधाच्या बाटलीत टाकला आणि बाटलीवर माझं नाव लिहिलं. मिरजेला तपासायला पाठवणार म्हणाला. डोळ्यावर वाढलेल्या वडसाचा तुकडा मिरजेला कशाला, म्हणून विचारलं. म्हणाला, "वडस बहुतेक नाकाच्या बाजूने चढतो, महिपतराव. तुमचा कानाच्या बाजूने आलाय. आणि जरा पांढरा आहे." रत्नागिरीत डोळ्यांचं दुकान चालवायचं म्हणजे काहीतरी वेगळेपणा दाखवावा लागत असेल.

मग चौकशा. बिडी? नाही, तंबाखू. उन्हात किती वर्षं? मोजणी खात्यात लागल्यापासून. टोपी घालता? नाही. वाकून फळीवर नकाशा काढताना टोपी पडते, हे त्याला कोण सांगणार. याने कधी भर दुपारी कातळावर तिपाई रोवून, फळीवरच्या पांढऱ्या कागदाकडे चार तास बघितलेलं नाही. पंख्याखाली बसून उन्हाच्या चौकशा करतो.

निघताना म्हणाला, "घरी पुरुषमाणूस कोण?"

"मी."

"तुमच्याशिवाय?"

मूल नाही. भाऊ नाही. बायकोचा भाऊ आहे, तो मुंबईला. तेवढं सांगितलं. तो इकडे कधी येणार, हेही त्याला हवं होतं. शिमग्याला येईल म्हटलं. शेवडेने ते लिहून घेतलं. पट्टी बांधलेल्या माणसाला रिक्षात घालायलासुद्धा याला मुंबईहून माणूस लागतो.

१४ फेब्रुवारी

हौसा दिवसातून चारदा थेंब घालते. तिचा हात जड. अर्धं औषध उशीला मिळतं.

बाबल्या येऊन गेला. मोजणीला साखळी धरणारा माझा माणूस. दाराशी उकिडवा बसून म्हणाला, "सायब, कशाला कापून घेतलात? आमच्या वाडीत तुळसाबाय वडस काढते. ज्या डोल्यात वडस त्याच्या उलट्या कानात पाल्याचा रस घालते. तीन आयतवार."

"पाय मोडला तर ती नाकात रस घालते काय?"

"नाय सायब. पाय मोडला तर आमी डाक्टराकडंच जातो."

वर हसला नाही. त्याला ते सरळ उत्तर वाटत होतं. हौसाने त्याला चहा दिला आणि तुळसाबाई कुठे राहते ते विचारून घेतलं. मी आतून ओरडलो, तेव्हा गप्प बसली.

२५ फेब्रुवारी

कचेरीत हजर झालो. मालगुंडच्या दोन भावांचं प्रकरण माझ्याच टेबलावर पडून आहे. कलमांच्या बागेची हद्द. बापाने रोवलेले दगड एकाने रातोरात हलवले आणि दुसऱ्याने परत हलवले. आता मूळ जागा दोघांनाही ठाऊक नाही आणि दोघेही देवाशप्पथ सांगतात. दुसरा मोजणीदार त्या बागेत गेला तर आंबे खाऊन येईल. निवृत्त होण्याआधी ही एक हद्द मी लावून जाणार आहे.

५ मार्च

दत्ताराम आला, हौसाचा भाऊ. बेस्टमध्ये कंडक्टर आहे. घरात शिरतानाही माणसांना पुढे सरकायला सांगेल असा चेहरा. दरवर्षी शिमग्याला येतो, पालखी खांद्यावर घेऊन नाचतो, आठवडाभर खांदा चोळत बसतो.

त्याला घेऊन शेवडेकडे गेलो. जखम बघितली, "ठीक" म्हणाला. मग मला बाहेर बाकावर बसवलं आणि दत्तारामला आत घेतलं. मधल्या दाराला वर अर्धी काच आहे. शेवडे बराच वेळ बोलत होता. बोलता बोलता त्याने टेबलावर बोटाने गोल काढला आणि गोलाच्या काठावर एके ठिकाणी बोट ठेवलं. दत्ताराम उभा राहिला, पुन्हा बसला. तोंडावरून रुमाल फिरवला.

बाहेर आला तेव्हा डोळे लाल.

"काय म्हणाला?"

"काय नाय भावजी. उष्णता आहे म्हणाला. उन्हात जायचं नाय."

"एवढा वेळ उष्णता?"

"माझंपण बीपी बघितलं."

पेशंटला घेऊन आलेला माणूस स्वतःचं बीपी बघून घेतो. मुंबईने याला दुसरं काही शिकवलेलं नाही.

९ मार्च

शिमगा झाला. दत्ताराम या खेपेला पालखीला खांदा द्यायला गेला नाही. विचारलं तर म्हणे कंबर दुखते.

घरात आज सुरमई. काल कोलंबी. पाहुणा घरचाच, त्यात विशेष काय. हौसा चुलीपाशी डोळे पुसत होती. लाकडं ओली आहेत म्हणाली. मार्च महिन्यात लाकडं ओली. वखारवाल्याला जाब विचारायला पाहिजे, पण आमच्याकडे कोणी कोणाला जाब विचारत नाही.

माझी तंबाखूची चंची सापडत नाही.

१६ मार्च

दत्तारामने रजा वाढवली. बेस्टचं नशीब.

आज त्याने माझ्यासाठी काळा चष्मा आणला. सिनेमातला मवाली घालतो तसला, मोठा, गालापर्यंत येणारा. "मोजणीला जाताना घाला, भावजी." त्यातून कागदावरची पेन्सिलीची रेघ दिसत नाही, हे त्याच्या डोक्यात शिरणं शक्य नाही. चष्मा मी कपाटावर ठेवला. हौसाने तो पिशवीत घातला. मी बाहेर काढला. तिने परत घातला. शेवटी तो बाबल्याला दिला. तो लावून बाबल्या मिरकरवाड्याच्या बंदरावर फिरला म्हणे.

२० मार्च

जेवताना दत्तारामने मुंबईचा विषय काढला. तिकडे चला, थोडे दिवस राहा, हवापालट होईल. मी म्हटलं, हवा पालटायला लोक मुंबईहून इकडे येतात. मग म्हणाला, कमलाच्या लग्नाचं बघायचं आहे, तुमच्यासारखा माणूस बोलणीला असला तर बरं. कमला म्हणजे त्याची मुलगी. नववीत आहे.

नीट खोटं बोलायलाही अक्कल लागते. आई गेली तेव्हा तिच्या पोटात गाठ होती. डॉक्टरने मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं. मी परत खोलीत येईपर्यंत ठरवून टाकलं आणि तिला सांगितलं, पित्त आहे. शेवटपर्यंत पित्तच. कोणी रडणार नाही, कोणी तिच्यासमोर पुटपुटणार नाही, असा घरात हुकूम होता. आई शांतपणे गेली. तिला काहीही कळलं नाही. दत्तारामच्या पोटात असली गोष्ट एक दिवस राहिली नसती.

२ एप्रिल

दत्ताराम गेला. सुटलो. स्टँडवर पाया पडला. कधी पडत नाही. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाला, "भावजी, मी बोलवीन तेव्हा या हां." कशाला, ते नाही सांगितलं. यांच्याकडे वाक्य पुरं करायची पद्धत नाही.

१८ एप्रिल

मालगुंड. ऊन कातळावरून वर येतं आणि फळीवरच्या कागदावरून तोंडावर. दोन्ही भाऊ बागेच्या दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून उभे. दोघांच्या बायका मात्र एकाच कळशीतून आम्हाला पाणी देत होत्या.

एका अंगाची मोजणी जुळेना. दोनदा केली. बाबल्या साखळी ढिली धरतो. त्याला म्हटलं तसं. "धरतो तशीच धरली सायब," म्हणाला. परत येताना एसटीत शेजारी बसला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"काय बघतोस?"

"डोला परत लाल झालाय."

"धूळ."

"तुळसाबायचं बगायचं काय एकदा? गपचूप?"

पुढच्या थांब्यापर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. तोही माझ्याशी बोलला नाही, पण त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

२९ एप्रिल

दाढी करताना आरशात बघितलं. बुबुळाच्या काठाशी, कापलं होतं तिथेच, पांढरट खरखरीत काहीतरी. भाताची कणी चिकटावी तसं. आजूबाजूला लाल शिरा. जखमेचा वण असणार. शेवडेने नीट शिवलं नाही. हे लोक शिवतात कमी आणि विचारतात जास्त.

हौसा म्हणाली, "शेवडे डॉक्टरांना दाखवू."

"त्याने केलेली घाण त्यालाच दाखवायची?"

"मग मुंबईला."

सगळ्यांना मुंबईच. मी म्हटलं, मालगुंडचं काम संपल्याशिवाय मी कुठे जाणार नाही. तिने माझ्या ताटातली वाटी उचलली आणि तशीच हातात धरून उभी राहिली. मग परत ठेवली.

१० मे

दत्ताराम दारात. मे महिन्यात बेस्टची माणसं रजेवर येत नाहीत, गर्दीचे दिवस. आला आणि आल्या आल्या म्हणाला, "भावजी, सोळा तारखेची तिकिटं काढलीयत. आपण जाऊ या. एका डॉक्टरांना सांगून ठेवलंय. नुसता नंबर तपासतील, चष्म्याचा."

"चष्म्याचा नंबर रत्नागिरीत तपासत नाहीत?"

"तिकडे मशीन आहे."

"तिकिटं परत कर."

तो हौसाकडे बघायला लागला आणि ती जमिनीकडे. दोघांनी संगनमत केलं आहे हे कळायला मला मशीन लागत नाही. मालगुंडची तारीख सतरा आहे. मी सोळाला निघालो की त्या दोन भावांपैकी कोणाचा तरी फायदा होईल. दत्तारामला कोणी पढवलं असेल ते शोधून काढायला हवं.

१९ मे

तिकिटं फुकट गेली. सतराला मालगुंडला गेलो, दगड रोवून आलो. दोन्ही भावांनी सह्या केल्या आणि दोघांनीही तोंड फिरवलं. म्हणजे हद्द बरोबर आहे.

दुपारी हौसा अंगणाच्या सावलीत आमसुलांसाठी रतांबे फोडत बसली होती. कोपरापर्यंत हात लाल. मी वर्तमानपत्र वाचत होतो, डाव्या डोळ्याने, कारण उजव्याला अक्षरं दुहेरी दिसतात. तिने हातातला रतांबा फोडला, बिया एका पातेल्यात, साल दुसऱ्यात, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"ते वडस नाही."

"शेवडेने सांगितलं काय?"

"मिरजेहून आलं तेव्हाच. कॅन्सर आहे. शेवडे डॉक्टरांनी दादाला सांगितलं, दादाने मला."

मी पेपराची घडी घातली.

"तुकडा काढला त्याच्या कडेपर्यंत त्या पेशी होत्या," ती म्हणाली. "एका बाजूला कड मोकळी सुटली नाही. म्हणजे डोळ्यात मागे राहिल्यात. खोल किती गेल्यात ते इथे कळायचं नाही. पुन्हा मोठं कापून वर बर्फासारखं गार काहीतरी लावतात मुंबईला. लगेच गेलात तर डोळा वाचेल म्हणाले."

"लगेच म्हणजे कधी?"

"शिमग्याला म्हणाले होते."

एवढं सगळं ती न अडखळता बोलली. पाठ केलेलं असावं. किती दिवस पाठ करत होती कोण जाणे.

"मला का नाही सांगितलं?"

"पेशंटला सांगायचं नसतं म्हणाले. घरच्या पुरुषमाणसाला सांगतात."

"घरचा पुरुषमाणूस मी आहे!"

"म्हणून तर दादाला बोलावून घेतलं." ती आता माझ्याकडे बघत होती. "तुम्ही हाय खाल म्हणाले."

"आईने खाल्ली नाही. आईला शेवटपर्यंत..."

"सासूबाईंना ठाऊक होतं."

मी पेपराची घातलेली घडी पुन्हा उलगडली.

"मला सांगितलं होतं त्यांनी. महिपतला कळू देऊ नकोस, म्हणाल्या, मला ठाऊक आहे ते. त्याला वाटू दे की त्याने नीट सांभाळलंय. रात्री दुखायचं तेव्हा तोंडात पदर घालायच्या." तिने पुढचा रतांबा घेतला. "मला दुसऱ्यांदा तसं नाही जमायचं. तुम्ही मारा पाहिजे तर. पण आता पित्त म्हणायला लावू नका."

मी तिला कधी मारलेलं नाही. हे तिने का म्हणावं? उठून आत गेलो. दत्ताराम माजघरात उभा होता, सगळं ऐकलेलं. त्याला म्हटलं, गाढवा, नववीतल्या पोरीचं लग्न काढतोस? तो मान खाली घालून म्हणाला, "दुसरं काय सुचलंच नाय, भावजी."

२४ मे, मुंबई

इस्पितळात सकाळपासून रांग. दत्ताराम वर्दीतच आला, कामावर जाण्याआधी. इथे मात्र तो उपयोगाचा. रांगेतल्या माणसांना मागे कसं सरकवायचं ते त्याला येतं.

डॉक्टर म्हणजे तरुण मुलगी. खालच्या पापणीत बोट घालून बघितलं, यंत्राला हनुवटी टेकवायला लावली, कानापुढे आणि जबड्याखाली चाचपलं, दत्तारामने आधीच आणून दिलेल्या मिरजेच्या तपासणीच्या काचा स्वतः बघितल्या. मग दत्तारामला म्हणाली, "तुम्ही जरा आत या."

मी म्हटलं, "तो कंडक्टर आहे. डोळा माझा आहे. मला सांगा."

तिने दत्तारामकडे बघितलं. दत्ताराम म्हणाला, "सांगा त्यांना. त्यांना म्हायती आहे." हौसा मागे भिंतीला टेकून उभी होती.

"बसा मग," ती म्हणाली. "पुढे काय होईल हे चार गोष्टींवरून आम्ही बघतो. पेशी किती खोल गेल्यात. कापलेल्या तुकड्याची कड मोकळी आहे का. पेशी किती बिघडल्यात आणि किती भराभर वाढतात. आणि कानापुढे गाठ आली आहे का. तुमच्या तीन वाईट आहेत. गाठ नाही, ही चांगली."

"खोल किती?"

"पांढऱ्या भागातून आत शिरलंय. आता वरवर कापून भागणार नाही. डोळा काढावा लागेल."

"नाही काढला तर?"

"थोडे दिवस डोळा राहील. मग तुम्ही राहणार नाही."

"खात्रीने?"

"खात्री देईल अशी तपासणी नाही अजून. काचेखाली पेशी कशा दिसतात त्यावरून अंदाज. माझा अंदाज वाईट आहे."

मी माझं काम सांगितलं आणि विचारलं, कशामुळे. म्हणाली, उन्हामुळे असेल, तंबाखूचाही हात असेल. पांढऱ्या कागदावरचं ऊन खालून डोळ्यात जातं, त्याला टोपीही पुरत नाही. "पण उन्हात राबणाऱ्या सगळ्यांना होत नाही. तुम्हालाच का, ते मला ठाऊक नाही."

फेब्रुवारीपासून माझ्याशी पुरं वाक्य बोलणारी ही दुसरी. पहिली रतांबे फोडत होती.

"शिमग्यात आलो असतो तर?" मी विचारलं.

तिने हातातली काच खाली ठेवली. "बहुतेक वाचला असता."

मागे हौसाने श्वास घेतलेला ऐकू आला. दत्ताराम भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत होता, सगळ्यात खालची ओळ, जी कोणालाच वाचता येत नाही.

३ जून

वॉर्डात दहा खाटा. शेजारचा माणूस डोळ्यात चुना गेला म्हणून आलाय आणि दिवसभर मुकादमाला शिव्या घालतो. त्याच्यापलीकडचा दिवसभर देवाला. दोघांनाही उत्तर येत नाही.

संमतीच्या कागदावर नातेवाइकाची सही लागते म्हणून कारकुनाने दत्तारामपुढे कागद ठेवला. दत्तारामने तो माझ्याकडे दिला. मी सही केली. नातेवाइकाच्या जागी हौसाने केली, सावकाश, एकेक अक्षर. कारकून म्हणाला, पुरुषमाणसाची चालली असती. मी त्याला म्हटलं, तुझं काम कर.

रात्रीपासून पोटात काही नाही. उद्या सकाळी पहिला नंबर माझा आहे. भीती वाटते. शेवडे बरोबर होता, एवढ्या बाबतीत. पण ही माझी भीती, आणि ती त्याने मला शिमग्यातच द्यायला हवी होती.

हौसा खाटेखाली चटईवर बसली आहे. तिला म्हटलं, घरी जा दत्तारामकडे, झोप. म्हणाली, "इथेच बरं आहे." मी म्हटलं, मूर्ख आहेस. म्हणाली, "हो."

५ जून

काल डोळा काढला.

आज सकाळी हौसाने चहा आणला आणि स्टुलावर ठेवला. उरलेल्या डोळ्याने बघत मी कप उचलायला हात पुढे केला. हात कपाच्या अलीकडे, रिकाम्या जागेत मिटला. ती बघत होती. तिने कप पुढे सरकवला नाही. दुसऱ्यांदा बोटं कपाच्या कानाला आपटली आणि चहा बशीत सांडला. तिसऱ्यांदा कप हातात आला. चहा निवला होता. प्यायलो.